बाहेरची भिंत
इंग्लंडमधल्या सॅलफर्डचा नवव्या मजल्यावरचा तो फ्लॅट पाव हिस्सा ग्वेंडाचा, उरलेला गृहसंस्थेचा. त्याचं ती भाडं भरायची. इमारतीला बाहेरून चढवलेलं आवरण पेट घेणारं निघालं, तेव्हापासून तिचा हिस्सा कुणी विकत घेईना, आणि व्हीलचेअरवरच्या आईला घेऊन तिला तिथंच राहावं लागलं. शनिवारी दुपारी कुणाचा तरी टोस्ट करपला, आगीचा भोंगा वाजला आणि लिफ्ट बंद पडली. आईला पाठीवर घेऊन ग्वेंडा जिना उतरायला लागली, पण चौथ्या मजल्यावर तिचे पाय गळाले. "तू जा गं खाली," आई म्हणाली. "गप बस, म्हातारे," म्हणत ग्वेंडा रडायलाच लागली. सोमवारी तिनं बाल्कनीबाहेरचा आवरणाचा पत्रा पहारीनं उचकटला, त्यामागचा फोम ओढून काढला आणि तो घेऊन तडक गृहसंस्थेचं ऑफिस गाठलं. "बाई, बाहेरची भिंत तुमची नाही, हात कसा लावलात?" पिकरिंगसाहेब खेकसले. "मग तिच्या दुरुस्तीचा आमच्या फ्लॅटचा सगळा खर्च माझ्याच माथी कसा?" "करारच तसा आहे. आणि उगाच घाबरताय, धोका फारसा नाही." ग्वेंडानं फोम त्यांच्या टेबलावर ठेवला आणि पर्समधून लायटर काढला. "अहो, इथं नको! माणसं आहेत इथं!" साहेब ओरडतच उठले. "आमच्याकडेही आहेत," ग्वेंडा म्हणाली. तिनं लायटर पर्समध्ये टाकला, फोम तिथंच सोडला आणि आई वर एकटीच होती म्हणून धावत बसस्टॉप गाठला.