सीताबाईंची हार्डडिस्क

दमट हवा लागू नये म्हणून रामजी मास्तरांनी ती हार्डडिस्क पावसाळाभर तांदळाच्या डब्यात जपली होती. त्यांच्या बायकोला, सीताबाईंना, जाऊन वर्ष झालं होतं, आणि त्यांचा आवाज आता जगात उरला होता तो एवढ्याशा त्या डिस्कमध्ये: भातलावणीच्या वेळी गायलेली चार गाणी.

हातखंब्याच्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात भर दुपारी तिथल्या तेजस्वीनं वायर बदलून पाहिली, दुसरा कॉम्प्युटर लावून पाहिला. छे!

"मास्तर, तांदळात ठेवलीत तशा कुकरच्या दोन शिट्ट्याही काढायच्या होत्यात!" ती हसली, मग त्यांचं तोंड बघून हळू आवाजात म्हणाली, "कॉम्प्युटरला ही दिसतच नाही हो."

"अजून एकदा बघ ना, बाय. आवाज तेवढा काढून दे."

काढून पुन्हा लावून बघावी म्हणून नाइलाजानं तिनं वायरीला हात घातला. इतका वेळ मुका बसलेला कॉम्प्युटर तेव्हा पडद्यावर म्हणाला: 'डिस्क वापरात आहे. काढू नका.'

"कोण वापरतंय?" असं म्हणून तिनं वायर उपटलीच.

खोटं वाटेल, पण वायर तिच्या हातात, डिस्क टेबलावर, आणि डिस्कचा निळा दिवा आपला लुकलुकतोच आहे.

मास्तरांनी ती उचलून कानाला लावली. आत सीताबाई होत्या. गात नव्हत्या, भांडी लावता लावता कुणाशी तरी बोलत होत्या. मास्तरांच्या डोळ्यांना धार लागली.

"सीते, अगो मी हाय."

भांडी थांबली.

"अवो, भायेर कोन आलाय?" सीताबाईंनी विचारलं.

आणि आतून मास्तरांच्याच आवाजानं उत्तर दिलं, "कोन नाय गो."