निमोण्याचं वळण

दौंडच्या पोपटरावांच्या पत्राला सर्जेरावांनी उत्तर दिलंच नव्हतं. पत्र येऊन दोन पावसाळे उलटले होते. तरुणपणी शिरूर-चौफुला रस्त्याची आखणी पोपटरावांनी केली होती. तेव्हा ते निमोण्यात मुक्कामाला असत आणि सर्जेरावांच्या वाचनालयातून पुस्तकं नेत. आखणी झाली, बदली झाली. रस्ता मागाहून झाला.

पत्रात त्यांनी विचारलं होतं : "निमोण्याजवळ रस्ता वळतो, तिथं गाड्या उलटतात. इथं लोक म्हणतात, म्हातारा रेघ मारतानाच चुकला. खरंच चुकलो का? डोळे मिटायच्या आत कळू दे."

सर्जेरावांनी गावात विचारून पाहिलं. कुणी म्हणालं, पाटलांची विहीर वाचवली. कुणी म्हणालं, ठेकेदार प्यालेला होता. "वाचनालयवाल्याला रस्त्याची चौकशी कशापायी?" असंही कुणी म्हणालं, आणि सर्जेरावांनी विचारणं सोडलं. खात्री नसताना लिहायचं तरी काय?

आज त्या वळणावर गर्दी होती. रस्त्याचा आता महामार्ग होत होता. कामावरची इंजिनिअर अनुपमा दुर्बिणीतून बघून म्हणाली होती, की सरळ रेघ थेट वळणातल्या म्हसोबावरून जाते. देव आज हलवायचा आणि रविवारी बाजूच्या नव्या ओट्यावर बसवायचा, असं गावानं ठरवलं होतं. त्याला रोज शेंदूर लावणारी तुळजाबाई तोंडाला पदर लावून उभी होती.

पहारीचा हलका धक्का बसला आणि शेंदराची जाड खोळ सुटून खाली आली. आत काळा, घडवलेला दगड निघाला. त्यावर छिन्नीनं कोरलेला बाण होता. बाणाखाली आकडा.

अनुपमा वाकली. "अहो, हा तर..."

सर्जेराव मोठ्यानं खोकले. चारचौघांत कुणाचं बोलणं तोडायची त्यांची ही पहिलीच वेळ. अनुपमानं त्यांच्याकडे पाहिलं आणि ती थांबली.

"आबा, तुमी बुकं वाचता," तुळजाबाई म्हणाली. "देवाच्या अंगाव काय हाय ह्ये? खरं सांगा. नुसता दगुडच निघाला का माझा देव?"

सगळ्या माना सर्जेरावांकडे वळल्या. त्यांचे कान तापले.

"बाण हाय, तुळजाबाई," ते म्हणाले. "रस्ता दाखवायचा."

"मंग!" ती गर्दीवर उखडली. "म्हनून तर समदे डायवर हितं नारळ फोडत्यात. बघताय काय? उचला आता. आन् आपटू नगा!"

सर्जेराव घरी आले आणि पोस्टकार्ड घेऊन बसले. दोन ओळी झाल्यावर त्यांनी ते फाडलं. पोस्टमन भैरू उघडं कार्ड वाटेतच वाचतो आणि गावाला ऐकवतो. मग त्यांनी कागद घेतला, पाकीट डिंकानं नीट चिकटवलं आणि एसटीनं न्हावऱ्याला जाऊन स्वतःच्या हातानं पेटीत टाकलं.

आत एवढंच होतं :

"पोपटराव, तुमची रेघ सरळच होती. रस्ता वळला तो तुम्हीच मधोमध रोवलेल्या खुणेच्या दगडाला वळसा घालून; तोवर त्याचा म्हसोबा झाला होता. येत्या रविवारी तो नव्या ओट्यावर बसतोय. पहिला नारळ तुमच्या हातचा."