फसवणाऱ्याचं नाव

“समोर माणसं नव्हतीच, साहेब. ॲपच खेळत होतं माझ्याशी,” असं म्हणत त्याने स्क्रीनशॉटची फाईल हवालदारांपुढे सरकवली. ऑनलाइन रमीत फसवणूक झाल्याची तक्रार तो घरूनच टाइप करून घेऊन आला होता.

हवालदारांनी पहिलं पान पाहिलं. “खातं तर मंगल चौगुले यांच्या नावावर आहे.”

“मिसेस आहेत.”

“मग तक्रार त्यांनाच द्यावी लागेल. घेऊन या.”

तासाभराने ती आली. एक सही करायची आहे, एवढंच त्याने तिला सांगितलं होतं. पण वाचून दाखवल्याशिवाय सही घ्यायची नाही, हा हवालदारांचा शिरस्ता. त्यांनी बँकेचं स्टेटमेंटही वाचून दाखवलं. आधी शिलाईचे साठवलेले पैसे गेले होते, मग मोडलेली मुदत ठेव. ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत ऐकत राहिली.

“तुम्ही रमी खेळता, ताई?”

“मला पत्तेसुद्धा ओळखता येत नाहीत.”

“मग ओटीपी कुणाला सांगत होता?”

“ह्यांना. गॅसच्या सबसिडीसाठी लागतो म्हणाले.”

त्याने मध्येच पुन्हा ॲपचा विषय काढला. हवालदारांनी त्याला हातानेच थांबवलं आणि कोरा कागद पुढे ओढला. “तुम्हाला फसवलं कुणी, ताई? नाव सांगा.”

लग्नात उखाण्यात घेतलं होतं, त्यानंतर सव्वीस वर्षांत तिने नवऱ्याचं नाव एकदाही तोंडातून काढलं नव्हतं.

“विलास केरबा चौगुले,” ती म्हणाली. “लिहा.”