अंगणातली होडी

तेजराम पायपंप दाबत होता आणि सिमेंटच्या अंगणात होडी हळूहळू आकाराला येत होती. आधी तिची एक कड उठली, मग दुसरी. टोक स्कूटरला टेकलं तेव्हा विजयकुमारांनी स्कूटर फाटकाबाहेर नेऊन लावली.

"बघून घे, कुठे हवा जाते का," ते परत येत म्हणाले. "एक ठिगळ नाही. पाण्यात उतरलीच नाही कधी."

तेजराम पोलाद कारखान्यातल्या मिलमध्ये त्यांच्याच हाताखाली फिटर होता. साहेब रबरी होडी विकून राहिले, हे त्याला कँटीनमध्ये कळलं. आज सुटी होती म्हणून बायकोला आणि मुलीला घेऊन तो सेक्टर सहामधल्या त्यांच्या क्वार्टरवर आला होता. भाव आधीच ठरला होता.

"एकबी खेप नाई?" त्यानं पंप थांबवून विचारलं. "मंग घेतली कावून, साहेब?"

"पोरांसाठी. एक रशियन इंजिनिअर आपल्या देशी परत चालला होता, त्याच्याकडून घेतली. रविवारी डबा घेऊन तांदुला डॅमवर जायचं, असं ठरवलं होतं." विजयकुमार हसले. "मग कधी शटडाऊन, कधी ब्रेकडाऊन. आता एक जबलपूरला शिकतो, एक नागपूरला."

होडी टणक फुगली. तेजरामनं वाकून जोडांना कान लावला, बोटानं रबर दाबून पाहिलं. बोटाला पांढरी भुकटी लागली.

"टाल्कम पावडर आहे," विजयकुमार म्हणाले. "दर उन्हाळ्यात माळ्यावरून काढतो, पुसतो, पावडर लावून परत घडी घालतो. नाहीतर रबर चिकटतं."

तेवढ्यात तेजरामची जया होडीत शिरली आणि उड्या मारू लागली. "मम्मी, ये तो डोल रही है!" तिनं वल्हं उचललं. ते तिच्यापेक्षा उंच होतं. तिला उतरवायला तिची आई कौशल्या पुढे झाली, पण विजयकुमारांच्या पत्नी कमलिनीबाई चहाचा ट्रे घेऊन दारात आल्या होत्या.

"राहू द्या हो, बसू द्या तिला."

त्यांनी ट्रे पायरीवर ठेवला आणि होडीकडे पाहत राहिल्या.

"एवढी मोठी आहे ही? मी तर आजपर्यंत घडीच बघितली."

मग निऱ्या जरा वर धरून त्या होडीत उतरल्या आणि जयासमोरच्या फळीवर बसल्या. जयानं दुसरं वल्हं लगेच त्यांच्या हाती दिलं. "आंटी, आप उधर से चलाओ."

कमलिनीबाई चालवू लागल्या. कोरड्या सिमेंटवर वल्हं खरखरत होतं. तेजराम आधी हसला, पण बाईंचा गंभीर चेहरा पाहून त्यानं हसू आवरलं.

"कुठे नेणार तुम्ही?" त्यांनी विचारलं.

"हिच्या बहिणीचं गाव हाय न अहिवाऱ्याकडे. मोठा तलाव हाय. येत्या रविवारी जाऊन राहिलो आमी."

"मले त धाकधूक होऊन राहिली, बाई," कौशल्या म्हणाली. "पण पोरगी आयकत नाई. तुमी बी या न आमच्यासंगं."

"तिला आग्रह नका करू," विजयकुमार कप उचलत म्हणाले. "तिला पाण्याची भीती वाटते. नाहीतर आम्हीच गेलो नसतो का?"

वल्ह्याचा आवाज थांबला.

"मला?" कमलिनीबाई म्हणाल्या. "कोणी सांगितलं तुम्हाला?"

"तूच नाही का... त्या वेळी..."

"कोणत्या वेळी?"

विजयकुमार आठवू लागले. मुलांना त्यांनी हे कितीदा सांगितलं होतं. शेजाऱ्यांना, क्लबात, त्या रशियन इंजिनिअरलासुद्धा. पण मुळात ते कोणाकडून ऐकलं, ते काही केल्या सापडेना.

"पवनीला आमच्या घरामागे वैनगंगा आहे," कमलिनीबाई म्हणाल्या. नव्या पाहुण्याला पत्ता सांगावा, तसं त्यांनी सांगितलं. "मी तिथेच पोहायला शिकले."

तेजराम पंपाची नळी गुंडाळू लागला, मग थांबला.

"साहेब, पाहिजे त ठेवून घ्या डोंगा. आमाले काई वाईट नाई वाटणार."

विजयकुमारांनी बायकोकडे पाहिलं. जयानं वल्हं दोन्ही हातांनी घट्ट धरलं.

"नको," कमलिनीबाई म्हणाल्या. "घेऊन जा तुम्ही. घरी राहिली तर हिला नुसती पावडरच लागेल." त्या कौशल्येकडे वळल्या. "रविवारी कधी निघता?"

"सकाळीच, बाई. ऊन व्हायच्या आंधी."

"बरं. मी येते."

त्या 'येते' म्हणाल्या. 'येऊ' म्हणाल्या नाहीत. विजयकुमारांच्या ते लक्षात आलं. हातातला कप त्यांनी पायरीवर ठेवला, तोंडही न लावता. होडीतली हवा सोडायची म्हणून ते तिच्या कडेशी उकिडवे बसले, पण बुचापर्यंत नेलेला हात त्यांनी मागे घेतला.

"तेजराम," ते म्हणाले, "रविवारी तुमच्या होडीत माझ्यासाठी जागा होईल का?"

तेजराम गोंधळून कमलिनीबाईंकडे पाहू लागला. त्याच्या आधी जयाच बोलली.

"अंकल को चलाना आता है?"

विजयकुमारांनी नाही म्हणून मान हलवली.

कमलिनीबाई फळीवर थोड्या सरकल्या.

"या," त्या म्हणाल्या. "आधी वल्हं धरायला शिका."