मे-माशी वर आली

"मी मरतोय असं त्याला कळवलंस तर याद राख," म्हातारा माल्की पडल्या पडल्या गुरगुरला. "कीव करायला कुणी यायचं नाही माझ्या घरात. नुसतं सांग, मे-माशी वर आली. धावत येतो की नाही बघ."

सोर्खाने कपाळावर हात मारला. तिचा भाऊ फेस्टी बापाशी भांडून बर्मिंगहॅमला बांधकामावर गेला, त्याला तीन वर्षं झाली होती. बापलेकाचं जमायचं ते फक्त होडीत, मे-माशीच्या हंगामात ट्राउट मासे धरताना. आणि खोटं तरी कुठे होतं! त्या सोमवारी सकाळीच कॉरिब तळ्यातून पहिल्या मे-माश्या वर आल्या होत्या; त्याच खायला ट्राउट पाण्यावर येतो.

तिने पोस्टातून फोन लावला. फेस्टीच्या घरमालकिणीने उचलला.

"त्याला म्हणावं, मे-माशी वर आली. आजच आली, असं नक्की सांगा हं."

मंगळवारी तिने पुन्हा फोन करून विचारलं. मालकीण हसत म्हणाली, "अगं, नाचलाच तो! येतोय म्हणाला."

माल्कीने त्या दिवशी दाढी करून घेतली. गॉलवेची बस थांबल्याचा आवाज आला की तो मान उचलायचा. बुधवारी फेस्टी आला नाही. गुरुवारीही नाही. खिडकीच्या काचेवर माश्यांचा नुसता थर बसला होता.

"डॅडी, खरं काय ते कळवते ना त्याला!"

"खबरदार!"

त्यानंतर त्याची वाचाच गेली. काय करावं बिचारीने? पाणी पाजावं, हात चोळावेत, रडू गिळावं. शुक्रवारी तिने शब्द मोडला, पोस्टात पळाली आणि फोनवर सगळं सांगून टाकलं.

"अगं बाई! तो तर सकाळीच निघाला," मालकीण म्हणाली.

शनिवारी पहाटे माल्की गेला. दुपारपर्यंत स्वयंपाकघर शेजाऱ्यांनी भरलं. बाहेर बस थांबली. गळाची काठी खांद्यावर टाकून फेस्टी दारात उभा राहिला, तोंडभर हसत.

सोर्खाच्या तोंडून एवढंच निघालं, "आजच आली म्हणून सांगितलं होतं ना रे तुला?"

"म्हणून तर थांबलो, वेडे! पहिले चार-पाच दिवस ट्राउट वर बघतसुद्धा नाही, तळाशी अळ्याच खात बसतो. तेव्हा येऊन काय उपयोग? डॅडींनीच शिकवलंय मला."