तिच्या बाजूचा ब्रेक

काकी पिकअपमध्ये शेजारी बसली, की उतारावर पायाखालची रबरी मॅट गच्च दाबून धरायची. काका हसायचे, "अगं, तुझ्या बाजूला ब्रेक नाही!"

"नसू दे. मी आपली दाबते."

ती देवाघरी गेल्यावर काका पहिल्यांदाच विटा भरून तो उतार उतरत होते. ब्रेकचं पेडल सुळकन तळाला टेकलं. खाली शाळा नुकतीच सुटलेली. तरीही गाडी हळूहळू थांबली.

मेकॅनिकने वाकून पाहिलं. "काका, पाइप फुटलाय, ऑइलचा थेंब नाही. थांबवलीत कशी?"

काकांनी शेजारचं दार उघडलं. मॅट एका पावलाएवढी दबलेली होती. त्यांचे हात आपोआप जुळले.

"थांबली गं गाडी. पोरं वाचली. सोड आता पाय."

मॅट सावकाश वर आली.