हॅटीकाकूंची भेट

१९२४च्या जुलैत न्यूयॉर्कच्या सभागृहात पक्षाचा राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार आठवडाभर ठरत नव्हता. दोन पुढारी अडून बसले होते. मतांसाठी राज्यांचा पुकारा आमच्या ॲरिझोनापाशी आला तेव्हा हॅटीकाकू राज्याच्या नावाची पाटी लावलेली काठी धरून माझ्याशेजारी बसल्या होत्या. त्याच दिवशी त्यांची सत्तरी पूर्ण झालेली. "ही फेरीही फुकट जाणार, आमची मतं काकूंना वाढदिवसाची भेट!" मी ओरडलो. सभागृह हसलं. मग एकेक राज्य तीच गंमत करत गेलं. बेरजेकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. शेवटच्या वायोमिंगनंतर सभेच्या अध्यक्षांनी आकडा पाहिला आणि त्यांचा हातोडा हवेतच राहिला. "लागणारी दोन तृतीयांश मतं मिळालीत... हॅटीबाईंना!" हातोडा पडेपर्यंत मत फिरवता येतं, म्हणून सगळ्यांचे हात वर गेले. माझाही. काकूंनी उठून काठी जमिनीवर आपटली आणि माझ्याकडे पाहिलं. "दिलेली भेट कुणी परत मागतं का रे?"